गणपती देवरुखला, महालक्ष्म्या अकोल्याला: एकाच आठवड्यात दोन्ही कसं जमवता?

आंबाघाट
मंडळी, सल्ला हवा आहे. टोमणे मारलेत तरी चालतील, घरी सवय झाली आहे.

मी देवरुखकडचा, बायको अकोल्याची, नोकऱ्या दोघांच्याही पुण्यात. पत्रिका जुळवताना गण, नाडी, मंगळ सगळं बघून झालं, पण दोन्ही घरांचे मोठे कुळाचार एकाच आठवड्यात येतात हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे गणपती, तो गौरींबरोबर जातो. तिच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे गौरीच. यंदा अधिक ज्येष्ठामुळे सगळे सण लांबले आहेत. १४ सप्टेंबरला सोमवारी चतुर्थी, १७ ला गौरी येतात, १८ ला पूजन, १९ ला विसर्जन. आजवर पाळी लावून भागवलं, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. दोन्हीकडची मंडळी सारखीच नाराज आहेत, म्हणजे न्याय चोख झाला असणार.

भाद्रपदापुरतंच असतं तर मी धागा काढला नसता. पण तेव्हा पायाला जी भिंगरी लागते ती संक्रांतीपर्यंत थांबत नाही. दसरा, दिवाळी, भाऊबीजेला तिचे चुलतभाऊ नागपूरला, तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं, आणि मध्ये ठाण्याचे मित्र, "पुण्यात राहून तोंड दाखवत नाही" म्हणणारे.

प्रश्न दोन. देवरुखहून अकोल्याला एका दिवसात, माणसात राहून, पोचता येतं का? आणि तुमच्यापैकी कोणी जोडपी सणाला सरळ वेगवेगळी जातात का? दोन्ही घरांतून "जोडीनं या" असाच निरोप असतो.

नुसताच_वाचक
रुमाल टाकून ठेवतो. आमचं सासर-माहेर एकाच गल्लीत आहे, त्यामुळे मजा बघायला मोकळा.

रुळावरचा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: येतं.

रत्नागिरी-दिवा पॅसेंजर पहाटे सुटते, संगमेश्वर रोडला चढा. दुपारी दिवा. पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालवतात, तेव्हा दोन-तीन तासांचा उशीर मनात धरून चला. दिव्याहून लोकलने कल्याण. संध्याकाळी सातनंतर मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस निघते, तासाभरात कल्याणला येते, दुसऱ्या दिवशी पहाटे अकोला. हीच पॅसेंजर कोविडच्या आधी दादरपर्यंत यायची, आता दिव्यालाच संपते. कोकणातली माणसं त्यावर अजून बोलतात, पण तुम्हाला कल्याणच गाठायचं असल्याने दिवाच सोयीचं.

दुसरा मार्ग: साखरपा, आंबा घाट करत कोल्हापूर, आणि तिथून दुपारची महाराष्ट्र एक्स्प्रेस. गोंदियाला जाणारी. गाडी बदलायची कटकट नाही, पण ती अख्खा महाराष्ट्र दाखवत नेते. पुणे, मनमाड, भुसावळ करत दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास अकोला. तोवर तिकडे पंगती बसलेल्या असतील.

चौथा_गिअर
गाडी असताना रेल्वे कशाला? आंबा घाट चढून मलकापूर, कराड, पुणे. पुण्यात रात्र. दुसऱ्या दिवशी अहिल्यानगर, संभाजीनगर, तिथून समृद्धी. समृद्धी अकोल्यातून जात नाही हे लक्षात ठेवा, मालेगाव जहांगीरला उतरून पातूरमार्गे अकोला. ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून ७०१ किलोमीटर सलग झाला आहे, पण तुमच्या कामाचा तुकडा त्याआधीपासूनच चालू आहे.

रुळावरचा
@चौथा_गिअर, ते दोन दिवस झाले. त्यांनी एक विचारलाय. आणि पाच दिवस आरत्या, जागरणं करून आलेला माणूस सरळसोट रस्त्यावर ताशी १२० ने गाडी चालवणार? त्या रस्त्यावर डोळा लागायला वळणसुद्धा आड येत नाही. निघण्याआधी टायर बघा असं उगीच सांगत नाहीत.

चौथा_गिअर
ते मात्र खरं. बायकोला चालवायला द्या, पुरणपोळीच्या ओढीने ती जागी राहील.

वऱ्हाडी_ठेचा
काऊन भाऊ, एवढं गणित कायले करून राहिले? महालक्ष्म्यांले जावई लागतोच कुठं? जावई आला काय न् नाही आला काय, पंगत उठतेच. पण पोरगी लागते.

गंमत सोडा. आमच्याकडे या सणाचं जेवण म्हणजे काय असतं ते कोकणातल्या माणसाला सांगून पटत नाही. सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कढी, पंचामृत, वडे, पुरणपोळी. वर फुलोरा, करंज्या, पापड्या, वेणी, फणी, सगळं तळलेलं, दोऱ्यात ओवून महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायचं. वेणीचा पेड सैल पडला तर कढईत उकलते. माझी आई कढईशी बसली की मागून बोललेलंही चालत नाही. हे काम आवाहनाच्या दिवशी सुरू होत नाही, त्याच्या चार दिवस आधी होतं. पूजनाच्या सकाळी पोचणारा माणूस पाहुणा असतो. त्याले पाट मिळेल, पण उपयोग काय त्याचा?

मावशीबाई
आंबाघाट, बाळा, वेगवेगळे जा. आमच्या वेळी असं म्हणायची सोय नव्हती म्हणून आता म्हणते.

माझ्या धाकट्या मुलाने आणि सुनेने हेच सुरू केलं. तो चतुर्थीला इथे गुहागरला, ती लातूरला. पहिल्या वर्षी गावात विचारणा झाली, "भांडण बिंडण झालंय काय?" मी सांगितलं, हो, कोणाच्या आईचे गुडघे जास्त दुखतात यावरून झालंय. पुढच्या वर्षी कोणी विचारलं नाही. लोकांना एका वर्षात सवय होते, आपल्यालाच वेळ लागतो.

चाळीतला_चंदू
मावशी, _/\_

केतकीपान
धागा वाचून थोडी चिडले आहे, तेव्हा स्पष्ट लिहिते.

"जोडीनं या" हे दोन्हीकडून म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. पण दोन्हीकडच्या जोडीत फरक असतो हो. सासरी जोडीने म्हणजे सुनेने पदर खोचून उभं राहायचं. तिच्या माहेरी जोडीने म्हणजे जावयाने सोफ्यावर बसायचं आणि त्याला काय हवं-नको ते तिने बघायचं. म्हणजे दोन्हीकडे काम तिलाच, आणि माहेरी गेल्यावर आईशी दोन घटका बोलणंही नाही. पाळी लावलीत हे चांगलंच. पण तुमच्या पाळीच्या वर्षी तुम्ही अकोल्याला काय करता ते लिहा ना.

मावशीबाईंचा प्रतिसाद आवडला.

आंबाघाट
@केतकीपान, नारळ खोवतो, पाट मांडतो, पंगतीत पाणी वाढतो. आमटी वाढू देत नाहीत, हात हलतो म्हणतात. सोफा आहे, पण त्यावर तिचे काका असतात.

@ठेचाभाऊ, तुमचा "पाहुणा" शब्द लागला. खरा आहे.

पंचांगवाला
एक खुलासा, कारण दरवर्षी हाच घोळ होतो. गौरी तिथीवर येत नाहीत, नक्षत्रावर येतात. अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. म्हणून चतुर्थी आणि पूजन यांतलं अंतर दरवर्षी सारखं नसतं. २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला चतुर्थी आणि ११ ला पूजन होतं. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला चतुर्थी, पूजन थेट १ सप्टेंबरला. यंदा पुन्हा २०२४ सारखं आखूड अंतर आहे. एकदा रजेचा अर्ज केला आणि तोच दरवर्षी चिकटवला, असं करू नका.

चाळीतला_चंदू
आमच्या एचआरला नक्षत्र समजावून सांगणारा माणूस मिळेल का? मूळ नक्षत्राला हाफ डे हवाय.

नुसताच_वाचक
हसून हसून पुरेवाट

पाटपाणी
अवांतर होतंय, पण प्रवासावरून आठवलं. कोणी ओटीच्या ब्लाउजपीसांबद्दल बोलणार आहे का? भाद्रपद ते संक्रांत प्रत्येक घरी ओटी, प्रत्येक घरी एक पीस, वर स्टीलचा डबा. आमच्याकडे पुढे देण्याचं एक वेगळं कपाटच आहे. गेल्या दिवाळीत नणंदेने दिलेला पोपटी पीस मी संक्रांतीला जाऊबाईंना दिला, त्यांनी डोहाळजेवणाला कोणाला तरी दिला, आणि मे महिन्यात एका मुंजीत तो परत माझ्या ओटीत पडला. ओळखला कसा? काठाजवळ मीच पेनने किंमत खोडली होती.

मावशीबाई
त्याला आता कुठेही देऊ नकोस गं. उशीचा अभ्रा शिव, नाहीतर परत येईल.

सातासमुद्रापलीकडची
न्यू जर्सीहून. आमचा मोसम डिसेंबरचा, तीन आठवड्यांत अख्खं गणगोत. नवऱ्याची माणसं सांगली-मिरजेला, माझी डोंबिवली आणि नाशिकला, मैत्रिणी पुणेभर पसरलेल्या. माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा जाताना चॉकलेटं आणि बदामांनी भरायच्या, येताना भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाल्याने.

आम्ही एकदा सुधारणा केली. घरोघर जाण्याऐवजी पुण्यात छोटा हॉल घेतला आणि सगळ्यांना एका रविवारी जेवायला बोलावलं. सगळे आले, जेवण उत्तम झालं. निघताना प्रत्येक जण म्हणाला, "हे छान झालं, आता घरी कधी येताय?" म्हणजे हॉल झाला, घरंही झाली. एक मावसआजी तर दुखावल्या, "पैसे देऊन जेवू घातलंस" म्हणाल्या. त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी गेलो, त्यांनी साधा वरणभात केला होता आणि मला पायाशी बसवून दोन तास नुसतं बोलल्या. सगळ्या सुट्टीतलं तेवढंच आता नीट आठवतं, बाकी सगळी तोंडं एकमेकांत मिसळली आहेत.

तेव्हा आम्ही घरं कमी केली आणि मुक्काम लांबवले. दरवर्षी अर्धे नातेवाईक गाळतो. गाळलेले रुसतात, पुढच्या वर्षी त्यांच्याकडे दोन रात्री राहतो, रुसवा जातो. धावती भेट मात्र कोणालाच आवडत नाही, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

चवथीचा_पाहुणा
गोव्यात आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. चवथीला जो तो आपल्या मूळ घरी. पणजी-मडगावातले फ्लॅट बंद, सगळे गावात. भाऊ-भावजया, चुलते, सगळ्यांनी मिळून माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची चौकट, बांधायची, रानातली फळं कोणी, सुपाऱ्यांचे घोस कोणी. दीड दिवसाचा गणपती असला की तिसऱ्या दिवशी माणूस मोकळा, मग बायकोच्या घरी जा, मित्रांकडे जा. तुमचा गणपती गौरींपर्यंत ठेवता म्हणून अडकता. दीड दिवसाचा करून टाका!

ओसरीवर
@चवथीचा_पाहुणा, असं कसं करून टाका? ज्या घरी जितके दिवसांचा तितके दिवसांचा. दिवस कमी करायचे तर भावकी बसवावी लागते, कौल लावावा लागतो, आणि म्हाताऱ्या माणसाला आयुष्यभराची रुखरुख. आमच्या घरी माणसं उरली नाहीत म्हणून काकांनी पाचाचा दीड केला. त्या वर्षी भाजीत मीठ जास्त झालं तरी त्याचं खापर तिथेच फुटलं.

चाळीतला_चंदू
२०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाडहून वेर्ण्याला मोटारी वाहून नेणारी रो-रो काढली होती. आंबाघाटसाहेब, गाडी त्यात चढवा, देवरुख ओलांडून गोव्यात उतरा, दीड दिवसाचा गणपती बघा आणि या परत. सगळे खूश.

आंबाघाट
अकोल्याच्या बरोबर उलट्या दिशेला नेणारा हा या धाग्यावरचा पहिलाच सल्ला. नोंद केली.

अकोलेकरीण
नमस्कार. आंबाघाट यांची बायको. दोन दिवस हा माणूस फोनकडे बघून हसत होता, आज मागून वाचलं. खातं काढलंच मग.

प्रवासाचं सगळं खरं आहे, पण मुद्द्याची गोष्ट त्याने लिहिलेली नाही. मी एकुलती एक. बाबा नाहीत. आई एकटीच महालक्ष्म्या बसवते, वय झालंय, दरवर्षी म्हणते "या वर्षी शेवटच्या". मुखवटे पितळी आहेत, पणजीच्या वेळचे. आवाहनाच्या आदल्या दिवशी चिंचेने घासायचे असतात. लहानपणी ते काम माझं, कानाच्या मागच्या खाचेत काळं राहिलं तर आजी परत घासायला लावायची. गेल्या वर्षी पाळीप्रमाणे मी देवरुखला होते. आईने फोटो पाठवला. सगळं छान मांडलेलं, साड्या नेसवलेल्या, आणि धाकट्या महालक्ष्मीच्या कानामागे काळं तसंच. शेजारच्या काकूंनी घासले होते, त्यांना कसं माहीत असणार?

मला एवढंच विचारायचंय: आईनंतर या महालक्ष्म्यांचं काय? चुलतभावांकडे त्यांच्या वेगळ्या आहेत. मुलीने माहेरच्या महालक्ष्म्या सासरी किंवा स्वतःच्या घरी नेल्याचं कोणी पाहिलंय का?

केतकीपान
अकोलेकरीण, ये गं ये. माझ्या मावशीने नेल्या. परभणीच्या. तिच्या सासरी खड्यांच्या गौरी होत्या, त्या शेजारीच मांडते. सासूबाई म्हणाल्या, "दोघी आहेत तिथे चार, जेवायला काय कमी पडणार आहे?"

ओसरीवर
मतभेद नोंदवतो, राग मानू नका. कुळाचार कुळाबरोबर जातो. लेकीचं गोत्र बदललं, तर तिने सासरचा कुळाचार करावा, माहेरचा भावकीने. चुलतभावांनी आपल्या महालक्ष्म्यांबरोबर या मुखवट्यांचीही पूजा करावी, तसं आमच्याकडे झालं आहे. अडचण नको म्हणून नियम वाकवत गेलं की मग नियम कशाला?

मावशीबाई
ओसरीवर, तुम्ही म्हणता तशी रीत आहे, नाकारत नाही. पण वरच तुमच्या काकांनी पाचाचा दीड केला असं तुम्हीच लिहिलंत. माणसं नव्हती म्हणून केला ना? इथेही माणूसच नाही. जी आहे ती लेक आहे.

ओसरीवर
मावशी, पकडलंत. :) तरी भावकीला विचारून करावं एवढं म्हणतो.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, आमच्या अमरावतीच्या आत्याच्या घरी मुलीनं नेल्या. भावकीनं आधी कुरकुर केली. मग ज्यांनी कुरकुर केली त्यांनाच विचारलं, तुम्ही नेता काय, सोळा भाज्या कराल काय? सगळे हात धुवायला गेले, ते परत आलेच नाहीत. एक सांगतो, आई आहे तोवरच नेऊन बसवा. तिच्या देखत एक वर्ष झालं की कोणी बोलत नाही, अन् कोठीत धान्य किती भरायचं, साडी कुठून खोचायची, हे तिच्याकडून कळतं. नंतर विचारायले कोणी राहत नाही.

पाटपाणी
+१००. आणि ते मुखवटे तुम्हीच घासा.

आंबाघाट
घरी बोलणं झालं. अकोलेकरीण यंदा देवरुखला येणार नाही. चतुर्थीच्या आधीच अकोल्याला जाईल, फुलोऱ्यापासून सगळ्याला असेल. मी एकटा देवरुखला. १७ ला पहाटे पॅसेंजर, रात्री विदर्भ, १८ ला पूजनाला अकोल्यात. आमच्या गणपतीचं विसर्जन चुलतभाऊ करेल. पुढच्या वर्षी महालक्ष्म्या पुण्यात आणायच्या का, ते सासूबाई आणि ती ठरवतील.

आईला फोन केला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गौरीच्या घावन-घाटल्याला घावन कोण घालणार? तिच्याइतके जाळीदार कोणाचे येत नाहीत." मी म्हटलं, मी घालतो. त्यावर फोन बाबांकडे गेला.

केतकीपान
शाब्बास. आतापासून सराव करा, बिडाचा तवा आणा.

चौथा_गिअर
माझा समृद्धी महामार्ग वाया गेला म्हणायचा.

रुळावरचा
वाया कशाला, परतीला वापरा.

आंबाघाट, आता कामाचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. १७ सप्टेंबरच्या विदर्भसाठी १९ जुलै, रविवार, सकाळी आठ. त्या दिवशी झोपू नका. तत्काळच्या भरवशावर राहायचं असेल तर आधार जोडलेलं खातं लागतं, आणि गौरीपूजनाच्या आदल्या दिवशी अर्धी मुंबई त्याच गाडीला असते. अकोलेकरीण ताई पुण्याहून जाणार असतील तर ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत आहे, सकाळी निघून दुपारी अकोल्याला उतरवते. एसटीने गेल्या तर महिलांना अर्धं तिकीट, पण तेवढा प्रवास बसून करू नका.

अकोलेकरीण
वंदे भारतच. धन्यवाद दादा. आणि परतीचं?

रुळावरचा
तोच खरा प्रश्न आहे. २० ला रविवार. पुण्यात नोकरी करणारा अख्खा विदर्भ त्या दिवशी परत निघतो. खासगी बसवाल्यांना एसटीच्या दीडपटीपर्यंतच भाडं घेता येतं असा सरकारी नियम आहे. त्या दिवशी फोन करून भाडं विचारा, आणि मग तो नियम त्यांना वाचून दाखवा.

वऱ्हाडी_ठेचा
सोमवारची रजा टाका ना भाऊ. उरलेल्या पुरणपोळ्या संपवायले कोणी पाहिजेच.